‘लहान मुलांसाठी’ म्हणून विकलेल्या फ्लॅश संचाबाबत तक्रार

जळगाव,
दि. २० जानेवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
स्टुडिओ लाइट विभाग

विषय : ‘किड्स पोर्ट्रेट’ फ्लॅश संचातील दोष, बदली किंवा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

हा संच आमच्या स्टुडिओने डिसेंबरमध्ये आपल्या संकेतस्थळावरून घेतला. त्यात ३०० वॅट-सेकंदांची दोन हेड (फ्लॅशचे दिवे), उजेड मऊ करणारे ६०×९० सें.मी.चे दोन सॉफ्टबॉक्स, दोन स्टँड आणि कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारा ट्रिगर आहे. फ्लॅशचा उजेड कमी-जास्त पडतो अशी तक्रार केल्यावर फोनवर आपल्याकडून दोन कारणं ऐकायला मिळाली : ‘तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल’ आणि ‘कॅमेऱ्याचं सेटिंग बघा’. खानदेशात व्होल्टेज खालीवर होतं हे आम्हाला नवीन नाही, म्हणून सगळी मोजमापं स्टॅबिलायझरवर, २३० व्होल्टला घेतली आहेत. कॅमेरा मॅन्युअलवर होता : आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८. सिंकच्या, म्हणजे शटर आणि फ्लॅश जुळण्याच्या, मर्यादेच्या बरंच आत. तेव्हा ही दोन कारणं पुन्हा सांगू नयेत.

मूळ दुखणं चार्जिंगचं आहे. अर्ध्या पॉवरवर साधारण एका सेकंदात बीप वाजतो, हिरवा दिवा लागतो, पण चार्ज साठवणारा कपॅसिटर तोवर भरलेला नसतो. फ्लॅशमीटरवर पहिला फ्लॅश एफ/८ येतो आणि बीप वाजताच मारलेला दुसरा एफ/५.६. म्हणजे पूर्ण एक स्टॉप, निम्मा उजेड. चार सेकंद थांबलं तर पुन्हा एफ/८ मिळतो. मोठ्या माणसाला चार सेकंद बसवता येतं. वर्षाचं मूल पहिल्या फ्लॅशला दचकतं किंवा दिव्याकडे टकामका बघतं. आईने खुळखुळा वाजवला की मग लेन्सकडे वळून हसतं, आणि ते हसू मिळतं दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेममध्ये. तुमचा संच नेमक्या त्याच फ्रेम काळवंडून टाकतो.

‘कॉम्प्युटरवर उजळून घ्या’ असंही सुचवलं गेलं. सध्या बोरन्हाणाचे दिवस आहेत, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे, तोवर स्टुडिओत येणारं बहुतेक मूल काळ्या झबल्यात आणि पांढऱ्या हलव्याच्या दागिन्यांत असतं. उजेड जरा जास्त झाला की हलव्यावरचा काटा जातो आणि दागिन्याच्या जागी चुन्याचे ठिपके उरतात. कमी पडला की झबल्याच्या चुण्या आणि जावळ मिळून एकच काळा गोळा होतो, आणि तो ओढून उजळला की त्यात रंगीत दाणे उठतात. अशा फ्रेमला एक तृतीयांश स्टॉपचा फरकही भारी पडतो, इथे तर अख्खा स्टॉप आहे.

दुसरा दोष उलट्या बाजूचा. पॉवर कमी केल्यावर आत साठलेला जादा चार्ज हेडने स्वतःहून सोडायला हवा. तुमचं हेड तो सोडत नाही. फुल पॉवरवरून १/८ वर आणलं तरी पुढचा फ्लॅश जवळपास फुलचाच पडतो. टेस्ट बटण दाबून रिकामा केला तरच आकडा खरा होतो. बाळ मांडीवर घेतलं की आपण सॉफ्टबॉक्स हातभर अंतरावर आणतो आणि पॉवर उतरवतो. नेमका तेव्हाच हा भपका त्याच्या तोंडावर बसतो. मग ते रडतं आणि ते सेशन तिथेच संपतं. पुस्तिकेत याचा उल्लेखसुद्धा नाही.

तुमच्या हेडमध्ये आयजीबीटी (फ्लॅश मध्येच तोडून पॉवर कमी करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नाही, व्होल्टेज उतरवून पॉवर कमी होते. अशा हेडमध्ये पॉवर उतरली की फ्लॅशचा काळ लांबतो आणि रंग पिवळसर होतो. म्हणून १/१६ वर हलत्या खुळखुळ्याची कड पुसट येते. मुख्य दिवा अर्ध्यावर आणि मागचा १/१६ वर ठेवला, तर ग्रे कार्डवरून (रंग जुळवायच्या राखाडी कार्डावरून) चेहऱ्याचा रंग दुरुस्त केल्यावर पांढरा पडदा पिवळा दिसतो, आणि पडदा पांढरा केला की गाल निळसर. खोक्यावर मात्र ‘५६०० केल्व्हिन, सर्व पॉवरवर स्थिर’ असं छापलंय.

स्टँडबद्दल लिहितो, कारण इथे प्रश्न फोटोचा नाही, मुलांच्या अंगावर बेततं. सॉफ्टबॉक्ससह हेड दोन मीटरवर नेलं की स्टँड डुलतो, आणि प्लास्टिकच्या नॉबचे आटे झिजून वरचा पाइप आपोआप खाली सरकतो. तळाशी पाच किलोची वाळूची पिशवी टाकल्याशिवाय आम्ही मुलाला आत घेत नाही, ती अर्थातच संचात नव्हती. वायर तीनच मीटरची, त्यामुळे ती भिंतीच्या कडेने न जाता रांगणाऱ्या मुलाच्या वाटेत येते. त्यात प्लग दोन पिनांचा. आत शेकडो व्होल्टचा कपॅसिटर, बाहेर धातूची बॉडी आणि अर्थिंग नाही! हे विकायला कुणी परवानगी दिली, हे लेखी कळवावं.

सॉफ्टबॉक्सचं कापड चांगलं आहे, दुहेरी पडद्यामुळे उजेड सारखा पसरतो. त्याबद्दल तक्रार नाही. बाकीचे सगळे दोष थंडीतले आहेत, जळगावचा मेमधला उकाडा अजून यायचाय.

मागणी अशी : दोन्ही हेड बदलून आयजीबीटी असलेली, चार्ज आपोआप सोडणारी, तीन पिनांच्या अर्थिंगसह आणि पाच मीटर वायरची द्यावीत. स्टँड धातूच्या नॉबचे हवेत. हे जमत नसेल तर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी आणि माल आपल्या खर्चाने उचलून न्यावा. ‘रिपेअर करून देतो’ हा तोडगा मान्य नाही, कारण बिघाड एका हेडचा नसून रचनेचा आहे, दोन्ही हेड हुबेहूब तसंच वागतात.

स्टुडिओ हा आमचा स्वयंरोजगार आहे, त्यामुळे ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून आम्हाला वगळता येणार नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसं न झाल्यास जळगाव जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करू.

आपला ग्राहक,
बालछायाचित्रण स्टुडिओ, जळगाव

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही हेडचे अनुक्रमांक, फ्लॅशमीटरच्या नोंदी, न बदललेल्या रॉ फाइल, सरकणाऱ्या स्टँडचा व्हिडिओ, प्लगचा फोटो.