टाके कोरडे राहावेत म्हणून

रामबाग, इंदूर

प्रिय शालिनी,

सर्जिकल वॉर्ड तुझ्याकडे आला हे वाचून बरं वाटलं. टाके चिघळू नयेत म्हणून आधी कशाकडे बघू, असं विचारलंस, तर सविस्तरच लिहिते.

टाक्यातून पू येतो तो ऑपरेशननंतर काही दिवसांनी, म्हणून सगळे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरकडे बघतात. पण जंतू बहुतेक वेळा आत शिरतात ते टेबलावर, जखम उघडी असताना. आणि तेही पेशंटच्याच कातडीवरचे नाहीतर आतड्यातले. म्हणून तुझी खरी ड्यूटी आदल्या संध्याकाळीच सुरू होते.

साबण लावून अंघोळ हवीच, साधा साबणही चालतो. बेंबी मात्र स्वतः बघ. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा तिथेच चीर पडते आणि मळ तिथेच साठलेला असतो. शुगर 200 च्या वर असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळव.

रात्री रेझरने शेव्हिंग करून ठेवायची पद्धत तुमच्याकडे अजून असेल, तर ती पहिल्या दिवशीच बंद पाड. पात्याने बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितलंय: केस काढूच नका, अगदी आड येत असतील तर क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, वापरा. वस्तरा नाहीच.

अँटिबायोटिकची वेळ सगळ्यात जास्त चुकते. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. वॉर्डात सातला टोचलं आणि आधीची केस लांबून चीर साडेनऊला पडली, तर ऐन वेळी रक्तातलं औषध उतरलेलं असतं. म्हणून ते ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच द्यावं, आणि केस पेपरवर नुसतं ‘दिले’ न लिहिता वेळ लिहावी. ऑपरेशन चार तासांवर गेलं तर पुढच्या डोसची आठवण ओटीतल्या सिस्टरनेच करायची. सर्जन मोठे असले तरी बोलायचं.

चीर देण्याआधी कातडीवर स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावलं की तीन मिनिटं आपोआप सुकू द्यायचं, पुसायचं नाही. पाठीखाली ओघळ साचला तर कॉटरीने, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाने, पेटू शकतो, तेव्हा चादर चाचपून बघावी.

वॉर्डात आल्यावर ड्रेसिंग भिजलं नसेल तर 48 तास उघडू नकोस. राउंडला कुणी ‘जरा बघू’ म्हणालं तरी. पुढे ट्रॉली आधी स्वच्छ जखमांकडे, पूवाला पेशंट सगळ्यात शेवटी. प्रत्येकाआधी आणि नंतर हाताला स्पिरिटचं हॅन्डरब, हात सुकेपर्यंत 20 ते 30 सेकंद चोळून. ग्लोव्हज घातले म्हणून सुटका नाही. आणि ट्रॉलीवरची ती चिटल फोर्सेपची, म्हणजे निर्जंतुक सामान उचलायच्या लांब चिमट्याची, बाटली नीट बघ. त्यातल्या पाण्यासारख्या सॅव्हलॉनमध्येच जंतू वाढतात, आणि तीच फोर्सेप मग निर्जंतुक कापडाच्या प्रत्येक डब्यात, म्हणजे ड्रममध्ये, जाते. कोरड्या बरणीत, ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून) ठेवावी आणि दर पाळीला बदलावी. ड्रमच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे टेपला वाफ लागली एवढंच. आतलं कापड ओलं निघालं तर तो ड्रम परत पाठव.

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी जखमेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. रिकामी करताना तोंड स्पिरिटने पुसायचं.

घरी जाताना नातेवाइकांना आम्ही इथे बजावतो, ‘टांकों पर हल्दी, घी, पाउडर कुछ नहीं लगाना’. तुला बडोद्यात हेच गुजरातीत सांगावं लागेल. लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला किंवा पाणी सुटलं तर लगेच यायचं. इन्फेक्शन 30 दिवसांपर्यंत उद्भवू शकतं, रॉड किंवा सांधा बसवला असेल तर 90 दिवसांपर्यंत. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डाचा फोन नंबर स्वतःच्या हाताने लिही.

तुझी,
मंदा

ता. क. क्लिपरची मागणी करताना त्याची सुटी पाती वेगळी लिही. एका पेशंटला एक पातं, नाहीतर रेझर गेला आणि क्लिपर आला एवढाच फरक पडेल.