पेपरात लिहा पण मानू नका, हे कसलं विज्ञान?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी ऐरोलीला राहते, ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर बिनधास्त कात्री लावा, फक्त निवटीचा, म्हणजे खाडीच्या चिखलात चालणाऱ्या माशाचा भाग ठेवा ही विनंती.

गेल्या वर्षी लेक दहावीला होती, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांती. जूनमध्ये शाळा उघडली, दोन आठवड्यात धडा संपला आणि पोरगी एकदा जेवताना म्हणाली, आई, सर म्हणतात हे सगळं थोतांड आहे, माकडाचा माणूस होताना कोणी बघितलंय का, आणि आपल्याकडे दशावतारात हे आधीच सांगून ठेवलंय. एका मुलाने काहीतरी विचारलं तर त्यालाच म्हणाले, तुझे पणजोबा झाडावर राहायचे का रे, मग अख्खा वर्ग हसला आणि विषय संपला.

आता हे सर काही वाईट माणूस नाहीत हे आधी सांगते. फिजिक्स इतकं सुंदर शिकवतात की लेकीला भिंगाच्या आकृत्या झोपेतही काढता येतील, दहावीच्या मुलांना रविवारी एक रुपया न घेता एक्स्ट्रा क्लास घेतात. म्हणून तर जास्त त्रास झाला. एखाद्या कामचुकार माणसाने म्हटलं असतं तर मुलांनी कानाआड केलं असतं, सरांचं म्हणणं मुलं मनात धरतात.

पहिल्या रात्री मी पालकांच्या ग्रुपवर टाकायला हा लांबलचक मेसेज टाईप केला, मग वाचला आणि डिलीट केला, कारण तो माझ्या रागाचा होता, धड्याचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी दोन-तीन आयांना फोन केले तर उत्तर एकच, अगं पोर्शन झाला ना, मार्क पडतायत ना, मग कशाला सरांच्या डोळ्यावर येतेस, वर्ष दहावीचं आहे. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

मग मी तो धडा स्वतः वाचायला घेतला. सेमीच्या पुस्तकात वेस्टिजियल ऑर्गन असं काय काय होतं ते डोक्यावरून गेलं म्हणून बालभारतीच्या साईटवरून मराठी पुस्तक फुकट उतरवलं, तिथे शब्द निघाला अवशेषांगे, म्हणजे उपयोग संपत आला तरी शरीरात उरलेले अवयव, आणि उदाहरणं बघितली तर अपेंडिक्स, अक्कलदाढ, माकडहाड. माकडहाड! माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी म्हणतात, माकडहाड दुखतंय गं, जरा शेक दे. शेपूट नाही पण शेपटीच्या जागेचं हाड अजून आहे आणि आपण त्याला नावही तेच देऊन बसलोय. लेक इतकी हसली की धड्याची भीतीच गेली. ज्यांच्या घरी दहावीचं पोर आहे त्यांना सांगते, इंग्रजीत अडलं की शेजारी मराठी पुस्तक उघडून ठेवा.

आणि वाचताना लक्षात आलं की धड्याचा पहिला अर्धा भाग सरांनी मन लावून शिकवलाय. डीएनए, जनुकं, म्युटेशन म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल, सगळ्या नोट्स व्यवस्थित. म्हणजे म्युटेशन होतं हे मान्य, ते पुढच्या पिढीत जातं हेही मान्य, फक्त असं लाखो वर्षं चालत राहिलं तर काय होईल तिथे आले की सर थांबतात. पेरणी शिकवायची आणि पीक येतं हे मानायचं नाही!

ऑगस्टमध्ये ओपन हाऊस होतं. मी मोबाईलमध्ये एक फोटो घेऊन गेले. आमच्या लॅबमध्ये यूरिन कल्चर रोज येतात. पेशंटच्या लघवीतले जंतू वाढवायचे, मग ते बशीएवढ्या प्लेटवर पसरायचे, वर टिकलीएवढ्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या, प्रत्येक टिकलीत एक अँटिबायोटिक, आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायचं. सकाळी ज्या टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो ते औषध चालतं, जिच्याभोवती जंतू अगदी कडेपर्यंत वाढलेत ते चालत नाही, रिपोर्टवर त्यापुढे आर लिहितो, रेझिस्टंट. कधीकधी मात्र त्या स्वच्छ गोलाच्या आतच चार-पाच बारीक ठिपके उगवलेले असतात. बाकीचे लाखो मेले, हे चार-पाच तगले, आता यांचीच पिलावळ वाढणार. माझ्या फोटोत तेच ठिपके होते. पेशंट तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्धवट सोडतो तेव्हा त्याच्या अंगात असंच काहीसं घडू शकतं. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल घेताना हाच इशारा दिला होता, औषध कमी पडलं तर जंतू त्याला सरावतील. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारं डार्विनचं पुस्तक १८५९ चं, त्याला असली प्लेट कधी बघायला मिळाली नाही, मला रोज सकाळी साडेनऊला मिळते.

सरांनी फोटो नीट झूम करून बघितला, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, मॅडम, जंतू बदलतात हे मान्य, पण शेवटी जंतू जंतूच राहिला ना, त्याचा मासा झाला का? मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, मी आपली पर्स आवरत बसले. उत्तर सुचलं रिक्षात. अहो, एका रात्रीत गोलातले ठिपके उगवतात, मग कोट्यवधी वर्षं दिली तर? आणि पुरावे परदेशातच आहेत असंही नाही. देवमासा एकेकाळी जमिनीवर चालणाऱ्या खुरांच्या प्राण्यांतून आला याचा एक मोठा दुवा आपल्या जम्मू-काश्मीरमध्ये सापडला, इंडोह्यूस नाव त्याचं, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराहून जरा मोठा, हरणासारखे पाय आणि कानाचं हाड देवमाशाच्या घाटाचं. कच्छमध्ये तर पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म मिळालेत. एवढं लांबही नको, आपल्या मुंबईत वरळीच्या टेकडीत सहा कोटी वर्षांपेक्षा जुन्या बेडकांचे जीवाश्म निघालेत. माकडाचा माणूस होताना कोणी बघितला नाही हे खरंय, पण आजच्या माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांतीचं शास्त्र म्हणतच नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, म्हणजे चिंपांझी आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ.

तर त्या ओपन हाऊसचं शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. सर उठता उठता म्हणाले, मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी मुलांना सांगितलंय, पेपरात पुस्तकातलंच लिहा, मार्क जाणार नाहीत.

मला वाटतं डार्विन नाकारण्यापेक्षा हे जास्त वाईट आहे. उघड नाकारलं तर निदान वाद घालता येतो, पुरावा मागता येतो. इथे चाळीस मार्कांच्या पेपरपुरतं एक खरं आणि घरी दुसरं खरं, आणि दोन्ही एकाच फळ्यावरून. पंधरा वर्षांच्या पोराला आपण शिकवतोय की विज्ञान म्हणजे एक्झामिनरला जे आवडतं ते लिहायचं. उद्या हेच पोर डॉक्टर होईल आणि पेशंट मागतो म्हणून सर्दीला अँटिबायोटिक लिहून देईल.

हे एकट्या आमच्या सरांचं नाहीये. २०१८ च्या जानेवारीत मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला जवळपास हेच बोलले होते, डार्विन चूक आहे आणि शाळेत बदल करायला हवा, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना जाहीर पत्रक काढून विरोध करावा लागला. २०२३ ला एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच उडवला, १८०० पेक्षा जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्यांचं पत्र दिलं. अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावात उलटं झालं होतं, शाळेच्या बोर्डाने उत्क्रांतीवर शंका घेणारं निवेदन वर्गात वाचायला सांगितलं तर विज्ञानाच्या शिक्षकांनीच वाचायला नकार दिला, अकरा पालक कोर्टात गेले आणि २००५ च्या डिसेंबरात जिंकले. मला कोर्टात वगैरे जायचं नाही हो, मला त्या शिक्षकांचा हेवा वाटतो एवढंच.

देवाधर्माचा मुद्दाही सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील बाई नास्तिक आहे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, उकडीचे मोदक मी स्वतः करते. कॅथलिकांचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ सालीच म्हटलं की उत्क्रांती ही नुसत्या कल्पनेपलीकडची गोष्ट आहे, त्यांचा देव काही त्यामुळे पळून गेला नाही. दशावताराची गोष्ट सासूबाई नातवंडांना सांगतात, रंगवून सांगतात, सांगावीच. फक्त ती विज्ञानाच्या तासाला पुरावा म्हणून आणली की गोष्टही बिघडते आणि तासही. आणि उत्क्रांती ही फक्त थिअरी आहे म्हणणाऱ्यांना एकच, जंतूंमुळे रोग होतात ही पण थिअरीच आहे, तिच्यावर आमची लॅब चालते.

आता निवटी. सरांशी भांडून उपयोग नाही हे कळल्यावर मी सप्टेंबरमध्ये एका रविवारी लेकीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना ओहोटीच्या वेळी खाडीवर घेऊन गेले. दिवा कोळीवाड्यातल्या ज्या मावशींकडून मी मासे घेते त्याच बरोबर आल्या. इथल्या लोकांना निवटी नवीन नाही, कालवणही मस्त होतं, पण ती चिखलात जिवंत बघायला मुली पहिल्यांदाच गेल्या होत्या. मासा आहे, कल्ले आहेत, पण पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखी चिखलातून चालते, डोळे डोक्यावर आलेले, ओल्या कातडीतून श्वास घेते. मावशी म्हणाल्या, ही पाण्यात कमी नि चिखलात जास्त, आन हात लावला तर उडी मारते. शेजारी तिवरांची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर आलेली, हवा घ्यायला. एका मुलीने विचारलं, काकू, म्हणजे या निवटीचा पुढे बेडूक होणार का? तर नाही गं बाई, ती कोणाची पूर्वज नाही आणि काही बनायला निघालेलीही नाही, तिच्या पूर्वजांमध्ये ज्यांना चिखलात जास्त निभावता आलं त्यांची पिल्लं जास्त जगली, आणि ती अशी झाली. हे सांगताना मलाच नीट कळलं. घरी येऊन अंगाला चिखलाचा वास तीन दिवस.

मुलींना मी एवढंच सांगितलं की सरांना वर्गात उलट बोलायचं नाही, त्यांना हरवायचं नाही, पण वहीत स्वतःचा प्रश्न लिहून ठेवायचा आणि उत्तर सापडेपर्यंत खोडायचा नाही. लेकीच्या वहीत पहिला प्रश्न होता, जर नुसतं परीक्षेपुरतंच लिहायचं असेल तर फिजिक्सपण परीक्षेपुरतंच का? हा तिने सरांना कधी विचारला नाही, पण दाखवावा असं मला फार वाटत होतं.

शिक्षण खात्याकडे मागणं एकच आहे, दरवर्षी शिक्षकांची जी ट्रेनिंग होतात त्यात या एका धड्याला निदान अर्धा दिवस द्या, आणि तिथे शिक्षकांना मनातल्या शंका मोकळेपणाने विचारू द्या, कारण आमच्या सरांना जंतूचा मासा कसा होईल हे कधी कोणी बसून समजावलंच नसणार. मी त्यांना ओपन हाऊसलाच म्हटलं होतं, सर एकदा लॅबमध्ये या, प्लेट प्रत्यक्ष दाखवते. म्हणाले, बघू, दिवाळीनंतर. दिवाळी होऊन गेली, लेकीची दहावीपण झाली. धाकटा आता आठवीत आहे, दोन वर्षांनी तेच सर, तोच धडा. आमंत्रण अजून आहे. प्लेट आम्ही काम झालं की ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून टाकून देतो, त्यामुळे सर कधीही आले तरी ताजीच बघायला मिळेल.

आपली नम्र,
एक पालक, ऐरोली, नवी मुंबई