आधी कोणता हप्ता वळता करायचा, हे ठरवते कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिल्लक अपुरी असताना हप्ता परत गेला तर बँकेने आकार लावावा, याला माझी हरकत नाही. परंतु एकाच दिवशी आलेले जमा-नावे व्यवहार कोणत्या क्रमाने नोंदवले, यावर तो आकार एकदा लागणार की दोनदा, की मुळीच नाही, हे ठरत असेल, तर तो क्रम खातेदाराला आधी सांगितला पाहिजे.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक आहे. आमचे निवृत्तिवेतन कधी १ तारखेला येते, कधी आठवडाभर रखडते. गेल्या महिन्यात ते ५ तारखेला जमा झाले आणि नेमके त्याच दिवशी माझे तीन हप्ते होते: मुलाच्या स्कूटरच्या कर्जाचे ५,८५० रुपये, आरोग्य विम्याचे १,२४० आणि एसआयपीचे (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीचे) १,०००. सकाळी खात्यात ६,२०० रुपये होते. बँकेने आधी सर्वांत मोठा हप्ता वळता केला, उरलेल्या ३५० रुपयांत बाकीचे दोन बसले नाहीत, आणि पासबुकात ५०० रुपये, खाली जीएसटीचे ९० रुपये, अशी जोडी दोनदा छापून आली. त्याच्या लगेच खालची नोंद निवृत्तिवेतनाची, तारीख तीच! लहान हप्ते आधी घेतले असते तर एकच परत गेला असता (त्यावर कर्ज कंपनीनेही आपला दंड लावलाच असता, हे मान्य), आणि दुपारपर्यंत थांबले असते तर एकही नाही.

शाखेत विचारले तेव्हा काउंटरवरचा तरुण सौजन्याने म्हणाला, "काका, ते सिस्टीमच करते, आमच्या हातात काही नाही." सिस्टीमला तो क्रम कोणीतरी शिकवलेलाच असणार. अमेरिकेत मोठ्या रकमा आधी वळत्या करून ओव्हरड्राफ्टचे (शिल्लक अपुरी असताना रक्कम दिल्याबद्दलचे) आकार वाढवल्याच्या प्रकरणात २०१० साली कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयाने वेल्स फार्गो बँकेला सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे कोणी हेतूपूर्वक तसे करते, असा माझा आरोप नाही. पण क्रम कोणता, हे मला बँकेच्या दरपत्रकात कुठेही सापडले नाही.

किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: खातेदाराला आधी कळवावे, शिल्लक भरून काढण्यास किमान एक महिना द्यावा आणि दंड तुटीच्या प्रमाणात असावा. माझ्या एसआयपीला ६५० रुपये कमी पडले आणि त्यासाठी ५९० रुपये कापले गेले. हे कोणते प्रमाण? हाच न्याय परत गेलेल्या हप्त्यांनाही लावावा, त्या दिवशीची जमा धरून मगच हप्ता परत करावा आणि एका दिवसात एकापेक्षा जास्त आकार घेऊ नये, एवढीच मागणी आहे.

शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन. मात्र तेथे बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार स्वीकारत नाहीत, आणि 'सिस्टीम'ने ठरवलेला क्रमही व्यावसायिक निर्णयाच्याच सदरात बसवला जाईल की काय, ही धास्ती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा