तुझ्या नव्या कॉम्प्युटरबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. विंडोज घेऊ, मॅक घेऊ की लिनक्सवर जाऊ, एका ओळीत कळव, असं लिहिलंयस. एका ओळीत भागलं असतं तर फोनच केला असता. जे घेशील ते पुढची सात-आठ वर्षं घरात राहणार आणि चौघांच्या हाताखालून जाणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तू सुरुवात उलट्या टोकाने केलीयस. आधी यंत्र पसंत करायचं, त्यात जी सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, असेल ती पदरात घ्यायची आणि मग आपलं काम त्यावर होतं का ते बघायचं, यात माणूस हमखास अडकतो. क्रम फिरव. घरात कोण कुठलं सॉफ्टवेअर रोज उघडतं ते आधी कागदावर लिहून काढ. ती सॉफ्टवेअर कुठल्या सिस्टिमवर चालतात ते त्यापुढे लिही. यंत्राचा विषय त्यानंतर.

तुझ्या पत्रातून मला जेवढं कळलं ते असं: तुझं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. वहिनींचं लिखाण आणि छपाई. काकूंना व्हिडिओ कॉल आणि फोटो. लेकीला प्रोग्रामिंग शिकायचंय. या चौघांत खरं बांधलेलं माणूस एकच, आणि ते तू. बाकी तिघांचं काम कुठल्याही सिस्टिमवर होईल. इथेच निम्मा निर्णय झाला बघ.

आता जुन्या डेस्कटॉपबद्दल. 'म्हातारा झालाय, टाकून देतो' असं म्हणतोस, तर जरा थांब. तो हळू का चालतो माहीत आहे? प्रोसेसरमुळे नाही, हार्ड डिस्कमुळे. तिच्यात खरोखरची तबकडी असते. ती मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. त्याआधी ते डोकं योग्य जागी सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. विखुरलेल्या छोट्या फाइल वाचायच्या असतील तर सेकंदाला शंभरही होत नाहीत, आणि सिस्टिम सुरू होताना अशा हजारो फाइल मागते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. तिथे हेच वाचन सेकंदाला हजारोंनी होतं.

गेल्या वर्षी मी माझा दहा वर्षांचा लॅपटॉप याच कारणाने उघडला. मागचे स्क्रू काढले. त्यांची लांबी सारखी नव्हती, म्हणून कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा ते समजावं यासाठी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्यावरच चिकटपट्टीने लावले. हार्ड डिस्क बाहेर काढली तेव्हा ती हाताला चांगली जड लागली. तिच्याच मापाची एसएसडी त्यापुढे रिकाम्या डबीसारखी. कनेक्टर तोच, जागा तीच, सरकवली की बसली. सिस्टिम नव्याने टाकून पहिल्यांदा बटण दाबलं आणि सवयीने उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर पडदा माझी वाट बघत होता. आधी तीन-साडेतीन मिनिटं लागायची, आता वीस सेकंदही लागत नाहीत. इतका आनंद मला नवं यंत्र घेतानाही झाला नव्हता. तेव्हा तुझ्या डेस्कटॉपला एसएसडी घाल, रॅम, म्हणजे उघडलेलं काम तात्पुरतं ठेवायची जागा, ८ जीबी कर आणि मग त्याला म्हातारा म्हण.

मात्र त्यावर विंडोज ठेवू नकोस. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. तुझं यंत्र २०१६ चं, म्हणजे त्याच्या मागचं. अट चुकवून ११ घालायच्या युक्त्या आहेत, पण ज्यावर घरचा पैशाचा व्यवहार होतो तिथे असली पळवाट नको. दाराला कुलूप आहे पण किल्ली कुणाकुणाकडे आहे ते ठाऊक नाही, अशी गत होते.

त्या यंत्रासाठी लिनक्स. नाव ऐकून तू दचकशील, म्हणून थोडं सांगतो. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लायनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक सिस्टिम लिहितोय असं जगाला कळवलं. आज तुझ्या अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याच लिनक्सचा गाभा आहे, आणि जगातल्या सर्वात वेगवान ५०० संगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात. म्हणजे तू लिनक्स रोज वापरतोसच, फक्त त्याच्याशी तोंडओळख नाही.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. त्यांच्या तुलनेत शिरलास तर महिना जाईल. तू सरळ लिनक्स मिंट घे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. काकूंना काही बदललंय असं वाटणारही नाही. २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. उत्तम गोष्ट ही की काहीही न पुसता ती चालवून बघता येते: ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची, त्यावरून यंत्र सुरू करायचं, आणि सगळी सिस्टिम पेन ड्राइव्ह आणि रॅम यांच्यावरच चालते. मूळ डिस्कला धक्का लागत नाही. तेवढ्या वेळात वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, प्रिंटर छापतोय का, एवढं पाहून घे. लिनक्स अडलं तर बहुधा यातल्याच कशावर तरी अडतं.

त्याच्या उणिवाही लपवत नाही. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस आणि अडोबीचं फोटोशॉप लिनक्सवर मिळत नाही. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस हे तसंच फुकट सॉफ्टवेअर आहे आणि ते चांगलं आहे, पण दुसऱ्याने पाठवलेली किचकट मांडणीची वर्ड फाइल त्यात थोडी हलते, तक्त्याच्या रेघा सरकतात. वहिनी स्वतःच लिहून स्वतःच छापत असतील तर काही अडत नाही. फाइल दहा जणांकडे फिरत असेल तर अडतं. हे त्यांनाच विचार, तू परस्पर ठरवू नकोस.

मराठी लिखाणाची काळजी नको. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा ठरलेला कळफलक तिन्ही सिस्टिममध्ये आयता असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडायची. युनिकोड या सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत लिहिलेलं कुठेही तसंच दिसतं. मात्र युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सांग.

मॅकबद्दल माझं मन तुला माहीत आहे. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली तेव्हापासून त्यांचे लॅपटॉप थंड, शांत आणि बॅटरीला दमदार झालेत. मला एकट्यासाठी घ्यायचा असता तर तोच घेतला असता. पण तुझं हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथे सरळ चालत नाही आणि या नव्या मॅकवर विंडोज स्वतंत्रपणे टाकण्याची जुनी सोयही राहिली नाही. शिवाय रॅम चिपलाच जोडलेली, नंतर वाढत नाही. म्हणून तुझ्यासाठी मॅक नाही.

तेव्हा तुला नवा लॅपटॉप विंडोज ११ चाच हवा. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. ८ जीबीवर आज भागेल, पण ब्राउझरमध्ये पंधरा-वीस पानं आणि शेजारी हिशेब उघडला की दोन वर्षांत तूच वैतागशील. प्रोसेसरच्या आकड्यांत फार डोकं घालू नकोस. घरच्या कामाला मधल्या दर्जाचा पुरतो. त्यापेक्षा रॅम पुढे वाढवता येते का आणि कीबोर्डवर बोटं नीट बसतात का ते बघ. लेकीला लिनक्सच्या आज्ञा शिकायला याच विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय आहे, तिला डब्ल्यूएसएल म्हणतात. तरी मी तिला जुना डेस्कटॉपच देईन. जिथे मोडलं तरी चालतं तिथेच हात मोकळा सुटतो.

नवा लॅपटॉप घरी आला की पहिल्या दिवशी एक काम कर. विंडोज ११ पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं. ती शोध, कागदावर उतरव आणि घराच्या कागदपत्रांत ठेव. एखाद्या दुरुस्तीनंतर यंत्र ती मागू शकतं आणि नसेल तर आतलं काही हाती लागत नाही.

आता जे लिहितोय त्यासाठीच खरं तर एवढं मोठं पत्र लिहायला बसलो. सिस्टिम कुठलीही घे, पण फोटो दोन ठिकाणी ठेव. चार वर्षांपूर्वी माझे सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते. लॅपटॉपमध्ये जागा हवी म्हणून तिथले पुसून टाकले होते आणि त्याला मी बॅकअप म्हणत होतो. एका संध्याकाळी ती डिस्क लावली आणि आतून टक् असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा टक्. पुन्हा टक्. पडद्यावर काहीच आलं नाही. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून परत केली. बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. ताईला मेलवर पाठवलेले अकरा तेवढे उरले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून एक प्रत यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि जमलं तर तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा ताईकडे. बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट कर, म्हणजे विंडोज, मिंट आणि उद्या कुणाचा मॅक आला तरी सगळीकडे वाचता-लिहिता येईल. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि काकूंचे व्हिडिओ नेमके तेवढे असतात. डेस्कटॉप उघडायच्या आधी त्यातले फोटो उतरवून घे. आधी ते, मग स्क्रूड्रायव्हर.

पुढच्या रविवारी मी येतोच आहे. मिंटची पेन ड्राइव्ह तयार करून ठेवलीय. दुपारभर नुसती चालवून बघू, पटली तर एसएसडी मागवू. तोवर तो सॉफ्टवेअरचा कागद चौघांनी मिळून भरा, आणि प्रिंटरच्या पाठीवर लिहिलेलं मॉडेल मला कळव, म्हणजे तो लिनक्सवर चालतो का ते मी इथूनच बघून ठेवतो.

काकूंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच