राखीव जागांची लीग नकोच

महोदय,

युरोपातल्या फुटबॉल क्लबांनी आखलेल्या युरोपियन सुपर लीगचा विषय निघाला की चर्चा बड्या क्लबांच्या पैशाच्या हव्यासावर येऊन थांबते. खरा दोष स्पर्धेच्या रचनेतच होता. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडचे ६, स्पेनचे ३ आणि इटलीचे ३ अशा १२ क्लबांनी ही लीग जाहीर केली. २० संघांपैकी १५ जागा संस्थापकांना कायमच्या, कामगिरीवर मिळणाऱ्या फक्त ५. म्हणजे आपल्या देशातल्या लीगमध्ये संस्थापक दहावा आला तरी त्याची जागा पक्की! इंग्लंडचा आर्सेनल तेव्हा २०१७पासून चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, खेळलेला नव्हता, तरी तो संस्थापक. २०१६ साली प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल लीग जिंकणाऱ्या लेस्टरला मात्र त्या ५ जागांसाठी झगडावे लागले असते. हा सरळ अन्याय आहे.

चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. जर्मनीत क्लबातील मतांचे बहुमत सभासदांच्या हाती ठेवणारा ‘५० अधिक १’ नियम आहे. बायर्न आणि डॉर्टमुंड हे तिथले बडे क्लब या लीगमध्ये गेलेच नाहीत.

डिसेंबर २०२३मध्ये युरोपीय न्यायालयाने फिफा (जागतिक फुटबॉल संघटना) व युएफा (युरोपीय फुटबॉल संघटना) यांचे नव्या स्पर्धांसाठीच्या पूर्वपरवानगीचे नियम बेकायदा ठरवले. मात्र त्यामुळे सुपर लीगला मान्यता द्यावीच लागेल असे नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. युएफाने आता परवानगीच्या निकषांत एक अट ठळकपणे घालावी: कोणत्याही क्लबला कायमची जागा नाही.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक