करार २००४ चा, सीट अजून नाही

मा. संपादक,

आपल्याकडे क्रोएशिया म्हटलं की फुटबॉल, फार तर आपल्या टीमचे कोच राहिलेले इगोर स्टिमॅक आठवतात. पण शेजारच्या सर्बियात राहणाऱ्या क्रोएट लोकांचं काय चाललंय यावर मराठीत काहीच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

ही माणसं बहुतेक करून उत्तरेकडच्या व्होय्वोदिना प्रांतात पिढ्यानपिढ्या राहतात, कुणी कामधंद्यासाठी काल-परवा आलेली नाहीत. सुबोतित्सा शहरात सुगी झाली की त्यांचा दुझियान्त्सा हा सण असतो, जवळच्या तावान्कुत गावातल्या बायका गव्हाच्या काड्या चिकटवून अख्खी चित्रं तयार करतात, शेतं, घरं, मुकुट सगळं काडीचंच. इतकी मुळं घट्ट असलेला समाज आणि सर्बियाच्या जनगणनेत त्यांची संख्या २००२ ला ७०,६०२, २०११ ला ५७,९००, २०२२ ला ३९,१०७. वीस वर्षांत जवळजवळ निम्मे! जन्मदर कमी आहे, पोरं पश्चिम युरोपात जातात, हे मान्य, पण भीती पण आहेच ना.

ती कुठून आली ते ह्रत्कोव्त्सी गावाला विचारा. युगोस्लाविया फुटताना युद्ध क्रोएशियात झालं, व्होय्वोदिनात नाही, तरी ६ मे १९९२ ला सर्ब राष्ट्रवादी नेते वोयिस्लाव शेशेल यांनी तिथे सभा घेतली, क्रोएटांनी निघून जावं असं भाषण केलं, गाव सोडायला हवं अशांची नावं वाचली गेली, मग धमक्या सुरू झाल्या आणि लोकांनी क्रोएशियातून आलेल्या सर्ब निर्वासितांशी घरांची अदलाबदल करून पिढीजात घर सोडलं. काही काळ गावाचं नावसुद्धा बदललं होतं. या भाषणासाठी शेशेलना २०१८ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे न्यायालयात अपिलात १० वर्षांची शिक्षा झाली, ती आधीच्या कोठडीत भोगून झाली असं धरलं गेलं. ज्यांची घरं गेली त्यांच्या हाती काय आलं?

आता मुख्य मुद्दा. २००४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार केला. क्रोएशियाच्या संसदेत सर्बांसाठी ३ राखीव जागा आहेत, सर्बियात क्रोएटांसाठी एकही नाही, कुणातरी मोठ्या पक्षाच्या यादीतून जमलं तर जमलं. तिथल्या क्रोएटांचे नेते तोमिस्लाव झिग्मानोव २०२२ ला सर्बियात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले हे चांगलंच झालं, पण मंत्रीपद सरकारच्या मर्जीवर असतं, राखीव जागा हक्काची असते, हा फरक फार मोठा आहे. क्रोएशियाचंही सगळं गोड नाही, तिथल्या व्हुकोव्हार शहरात २०१३ ला सर्बांच्या सिरिलिक लिपीतल्या पाट्या फोडल्या गेल्या, तेही तितकंच वाईट.

२०२१ मध्ये सुबोतित्सात बुन्येव्त्सी या तिथल्या जुन्या कॅथलिक समाजाच्या बोलीला वेगळी अधिकृत भाषा केली. कुणाला स्वतःला बुन्येव्त्सी म्हणवायचं असेल तर त्याचा हक्क आहे, त्यात वाद नाही, पण तिथले बरेच बुन्येव्त्सी स्वतःला क्रोएट मानतात, आधीच आटत चाललेल्या समाजाचे असे दोन भाग पाडायला सरकारने हातभार का लावावा?

सर्बियाला युरोपियन युनियनमध्ये जायचंय, बोलणी चालू आहेत. त्या टेबलावर क्रोएटांसाठी संसदेतली ही एक राखीव सीट ठामपणे मागितली पाहिजे, आणि आपल्या आंतरराष्ट्रीय पानावर याची बातमी यावी ही मनापासून विनंती.

आपला एक वाचक