गाडीचा रेक आणि ट्रेल पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात नवीन दुचाक्यांची माहिती येते ती मी न चुकता वाचतो, गॅरेजमध्ये पोरांना पण वाचून दाखवतो. सीसी किती, पॉवर किती, ॲव्हरेज किती, कलर कुठले, हप्ता किती बसतो, सगळं असतं. पण माणूस पायी चालतो तेवढ्या स्पीडला गाडी वळवायची झाली तर ती हातात कशी वागणार, हे रेक आणि ट्रेल नावाच्या ज्या आकड्यांवरून कळतं ते आजपर्यंत एकदाही छापून आलेले मी बघितले नाहीत. शोरूमवाले पण सांगत नाहीत, विचारलं तर तोंडाकडे बघतात. म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगतो. आमचे भाऊजी यंदा रिटायर झाले, आयुष्यभराची हौस होती म्हणून लांबलचक क्रूझर मोटारसायकल घेतली. टेस्ट राइडला शोरूमवाल्याने सरळ रस्त्यावर नेऊन आणलं, गाडी हायवेला लोण्यासारखी चालते, भाऊजी खूश. आठ दिवसांनी ताईला मागे बसवून इथं साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला यू टर्न मारत होते, स्पीड म्हणाल तर सात-आठ सुद्धा नसेल, हँडल निम्म्यावर फिरवलं आणि तिथून पुढं ते आपोआपच आत पडायला लागलं, भाऊजींनी घाबरून पुढचा ब्रेक धरला आणि दोघं आडवे. ताईच्या मनगटाला फ्रॅक्चर. शोरूममध्ये जाऊन सांगितलं तर उत्तर काय, गाडी जड आहे काका, सवय होईल. अहो त्यांची आधीची जुनी गाडी वजनाला जवळपास तेवढीच होती आणि ती त्यांनी वीस वर्षं चालवली, याच नाक्यावरून, मागे ताईला घेऊनच! वजनाचा प्रश्न असता तर तेव्हाच पडले असते.

प्रश्न पुढच्या चाकाच्या मांडणीचा आहे. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो दांडा उभा नसतो, तिरका असतो, तो किती अंश मागे कललाय त्याला रेक म्हणतात. आता ही तिरकी रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत ओढा. ती जिथं टेकते आणि टायर जिथं जमिनीला टेकतो त्या दोन जागांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर असतं, टायर मागे राहतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची छोटी चाकं बघा, स्ट्रेचर ढकललं की चाक आपोआप मागे जाऊन सरळ होतं, तसंच हे. ट्रेल जास्त असेल तर स्पीडला हँडल सरळ राहायला मदत होते, हायवेला गाडी रेघेत चालते. पण तीच गोष्ट हळू स्पीडला उलटी पडते, कारण तिरक्या दांड्याभोवती हँडल वळवलं की गाडीचं तोंड थोडं खाली उतरतं, आणि एकदा खाली उतरायला लागलं की पुढचं सगळं वजन त्या हँडलला अजून आत ढकलतं. जितका रेक आणि ट्रेल जास्त तितका हा ढकला जास्त. भाऊजींना जाणवलं ते हेच, आणि ते गाडी बंद असताना पण बघता येतं, कुणीतरी गाडी सरळ धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, हेडलाइटकडे बाजूने नीट बघितलं तर मधोमध असताना ती सगळ्यात वर असते आणि दोन्ही टोकांना खाली बसते.

आकड्यात सांगतो म्हणजे फरक कळेल. चाकाची त्रिज्या ३०० मिमी धरा आणि चाकाचा एक्सल त्या तिरक्या रेघेच्या ५० मिमी पुढे आहे असं धरा. रेक २६ अंश असेल तर ट्रेल येतो साधारण ९१ मिमी, रेक ३० अंश केला की ११५ च्या वर जातो. फक्त ४ अंश! डोळ्याला तर दिसत पण नाही. शिवाय रेक जास्त असला की हँडल जेवढं फिरवता तेवढं चाक रस्त्यावर वळत नाही, काही भाग नुसतं चाक आडवं कलण्यात जातो. त्यात क्रूझरची लांबी. स्प्लेंडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधलं अंतर, १२३६ मिमी आहे आणि ॲव्हेंजर २२० चा १४९०, म्हणजे दोन्हीचं चाक सारखंच वळवलं तरी लांब गाडीला यू टर्नला पाचव्या हिश्श्याने जास्त जागा लागणार, मग माणूस हँडल अजून वळवतो आणि अजून जास्त आत पडतं. ही गाडीची खोट नाही, लांब रस्त्यासाठी बनवलेली गाडी अशीच बनवावी लागते आणि त्या रस्त्यावर ती सुखाची पण असते. पण घेणाऱ्याला हे आधी सांगायला नको का?

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्ष होतं ते मागे बसणाऱ्या माणसाकडे. टेस्ट राइड एकट्याने होते आणि संसार डबलसीट चालतो. मागे वजन आलं की मागचे शॉकप दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि रेक आपोआप वाढतो. १३०० मिमी व्हीलबेसची गाडी मागे ४५ मिमी दबली तर रेक २ अंशांनी वाढतो, म्हणजे वरच्या हिशोबात ट्रेल ९१ चा १०३ झाला. कास पठार बघायला सीझनला जी गर्दी यवतेश्वर घाटाने वर जाते त्यात बघा, बायको मागे, पोरगं मध्ये, सॅक पाठीला, पुढं एसटी अडकलेली आणि नेमकं वळणात थांबत थांबत चढायचं, तिथं चांगले चांगले चालवणारे पाय टेकत टेकत जातात आणि लोक म्हणतात ह्याला गाडी येत नाही. गाडी येते हो त्याला, पण घरून निघताना होती ती गाडी राहिलेलीच नाही. खरं तर बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकपला खाली खाचा असतात, टूलकिटमधल्या हुकच्या पान्याने दोन खाचा वर केल्या की डबलसीटला गाडी कमी दबते, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये तो पाना बहुतेक वेळा कंपनीच्या प्लास्टिकमध्ये तसाच गुंडाळलेला सापडतो.

पुढच्या ब्रेकचं पण सांगतो कारण ताईचं मनगट त्याच्यात गेलं. पुढचा ब्रेक दाबला की शॉकप खाली बसतात, रेक-ट्रेल एकदम कमी होतो आणि हँडल वळलेलं असताना चाक जागच्या जागी अडकतं, गाडी वळणाच्या आत पडायला लागलेली असते तिला सावरायला पुढं सरकणं पाहिजे तेच बंद होतं. हळू वळताना क्लच अर्धा, थोडा ॲक्सिलरेटर, मागचा ब्रेक हलका आणि नजर जिथं जायचं तिथं. बाकी कोनसेट, म्हणजे हँडलचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो ते, बघून घ्या, त्यातल्या बॉलरेसरला, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कडीला, खड्डा पडला असेल तर हँडल मधोमध अडकल्यासारखं होतं आणि हळू स्पीडला गाडी लडबडते. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी हँडल जड लागतं.

आणि हौशी पोरांना हात जोडून विनंती. पुढच्या शॉकपचे पाइप लांब करून चॉपर बनवायचं फॅड आहे, माझ्याकडे पण विचारायला येतात, मी परत पाठवतो. पाइप लांब केला की तोंड वर, रेक जास्त, ट्रेल जास्त, सगळं एकदम बिघडतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापात असा बदल चालत पण नाही.

एखादा जाणकार वाचक म्हणेल की नुसता ट्रेल म्हणजे सगळं नाही, आणि ते बरोबर आहे. २०११ साली अमेरिकेतल्या आणि हॉलंडमधल्या संशोधकांनी ट्रेल जवळपास काढून टाकलेली, चाकांच्या फिरण्याचा परिणाम पण रद्द केलेली सायकल बनवली आणि तरी ती ढकलून दिल्यावर स्वतःची स्वतः तोल सांभाळत गेली, कारण वजन कुठं ठेवलंय त्याचाही हात असतो. पण आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये कंपनी बदलते ते मुख्यतः हेच आकडे, आणि चालायच्या स्पीडला कुठलीच दुचाकी स्वतःहून उभी राहत नाही, तिथं चालवणाऱ्याचे हात आणि ही मांडणी एवढंच असतं.

आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात ती परीक्षा नेमकी याचीच आहे. पण आठ काढायला मित्राची हलकी छोटी गाडी न्यायची आणि लायसन हातात आलं की दुसरीच लांब गाडी घ्यायची, मग त्या आठचा उपयोग काय झाला.

तर साहेब मागणी एवढीच की गाडीची माहिती छापताना रेक, ट्रेल, व्हीलबेस आणि किती जागेत वळते हे चार आकडे पण छापा. काही कंपन्या स्वतः देतात, केटीएमच्या आधीच्या ३९० ड्यूकला हँडलच्या दांड्याचा कोन ६५ अंश दिलेला होता, फक्त तो जमिनीपासून मोजलेला असतो म्हणजे रेक झाला २५, हे पण वाचकांना एकदा समजावून सांगा नाहीतर लोक ६५ आणि २५ ची तुलना करत बसतील. आणि शोरूमवाल्यांनी टेस्ट राइडला मागे माणूस बसवून एक यू टर्न मारायला द्यावा, त्याला पैसे पडत नाहीत.

ज्या गाडीच्या ट्रेलचा आकडा मिळत नाही तिचा आम्ही गॅरेजमध्येच मोजतो. गाडी सरळ उभी करायची, हँडलच्या दांड्याच्या तिरक्या रेघेत बाजूने एक सरळ काठी धरून जमिनीवर खडूची खूण, मग एक्सलपासून ओळंबा सोडून दुसरी खूण, दोन्हीच्या मध्ये टेप. भाऊजींच्या गाडीचा असाच मोजला, आधी एकट्याने बसवून आणि मग मागे मला बसवून, दोन खुणांमधला फरक बघून ते किती तरी वेळ काही बोललेच नाहीत. आता मागचे शॉकप दोन खाचा वर केलेत, रोज सकाळी मैदानावर खडूने आठ आखून सराव करतात. ताईचं प्लास्टर निघालंय पण ती अजून मागे बसायला तयार नाही.

तुमच्या प्रतिनिधीला कुठल्याही रविवारी पाठवा, पाच-सहा गाड्या लावून मोजून दाखवतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक गॅरेजवाला, सातारा